न वाचणाऱ्या पोट्ट्यांसाठी

आठवी ते बारावीत शिकणाऱ्या, पण अभ्यासाबाहेरचं पुस्तक हातात धरायलाही नाखूश असलेल्या मुलामुलींना काय वाचायला द्यावं, या एका प्रश्नापायी ही पुस्तिका तयार झाली. ती अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शिक्षकांसाठी आहे, गावोगावच्या ग्रंथपालांसाठी आहे, आणि धाकट्या भावंडाचं कसं होणार या काळजीत असलेल्या थोरल्या ताई-दादांसाठीही आहे. ज्यांना वाचनाची गोडी लागली आहे त्यांची चिंता नाही. ती कुठूनही पुस्तक मिळवतात. पुढची सगळी पानं दुसऱ्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. ग्रंथालयाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारी, दिलेलं पुस्तक मुकाट घेणारी आणि पंधरा दिवसांनी जसंच्या तसं परत आणणारी. 'काउन रे, नाही वाचलं?' म्हणून विचारलं, तर 'कंटाया येते सर' एवढंच सांगणारी. कुठल्याही वर्गात संख्येनं तीच जास्त असतात.

ही मुलं गोष्टींना विटलेली नाहीत, हे आधी मान्य करू. पाहिलेला सिनेमा दर्यापूरचा एखादा पोट्टा मित्रांना असा रंगवून सांगतो की ऐकणारे जागचे हलत नाहीत. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला गेलेली भावंडं मध्यरात्रीपर्यंत भुताखेतांच्या गोष्टी करतात. गोष्ट त्यांना हवीच असते. नको असतं ते पुस्तक. माझ्या मते याचं मोठं कारण असं की, त्यांच्या आयुष्यात पुस्तक कधी एकटं आलेलंच नाही. धडा आला की मागोमाग स्वाध्याय येतो, कविता आली की रसग्रहण, गोष्ट आली की तात्पर्य. अवांतर वाचनाला म्हणून पुस्तक द्यायचं आणि खाली अभिप्राय लिहून मागायचा, अशीच रीत पडून गेली आहे. 2015 पासून 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. हेतू उत्तम आहे. पण त्या दिवशी वाचलेल्या पुस्तकाचा अहवाल मागितला, तर मुलाच्या लेखी तीही परीक्षाच ठरते.

दुसरं कारण भाषेचं. घरी 'मले', 'तुले', 'जाऊन रायलो' असं बोलणाऱ्या मुलाला शाळेत पहिल्या दिवसापासून दुरुस्त केलं जातं. दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, यात वादही नाही. पण आठ-दहा वर्षं हे चाललं की मुलाच्या मनात घर करून बसतं की छापलेली भाषा बरोबर आणि आपल्या आईची चूक. मग तो छापील पानापासून जरा अंतर राखूनच राहतो. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, हे अंतर आणखी मोठं आहे. तिथल्या बहुतेक मुलांच्या घरात कोरकू बोलली जाते, आणि कोरकू मराठीच्या कुळातलीच नाही. ती मुंडा कुळातली भाषा. त्या मुलाला मराठी गोष्टीचं पुस्तक देताना आपण त्याला परभाषेतलं पुस्तक देतो आहोत, याचं भान ठेवलं तर निवडही वेगळी होते आणि अपेक्षाही.

'आमच्या इकडे वाचायची परंपराच नाही' असं वऱ्हाडातली शिकलेली माणसंसुद्धा सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. शेगाव अकोल्याला लागूनच आहे, आणि दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथाची पोथी या भागात ज्या घरात नाही असं घर शोधावं लागेल. एकवीस अध्याय, त्यांची पारायणं, आणि ती करणाऱ्यांत शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या आज्याही आहेत. श्रावणात देवळात पोथी लावतात. एक जण वाचतो आणि सारं गाव ऐकतं. थोडं मागे गेलं तर रिद्धपूर आहे, मोर्शी तालुक्यातलं. चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून म्हाइंभटांनी 1278 च्या सुमाराला 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, ते तिथे. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ छोट्या छोट्या लीळांचा आहे. एकेक प्रसंग, त्यात बोलणारी माणसं, घडलेली गोष्ट, आणि संपलं. लांबलचक वर्णनं नाहीत. लोकांच्या तोंडी असलेल्या मराठीतून तो उभा राहिला. मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूरची निवड झाली आणि 2024 मध्ये ते सुरूही झालं, त्यामागे हाच वारसा आहे. ज्या भूमीत मराठी गद्य छोट्या प्रसंगांतून आणि बोलत्या वाक्यांतून सुरू झालं, त्या भूमीतल्या मुलाला पहिलंच पुस्तक पाचशे पानांचं द्यावं हे मला चमत्कारिक वाटतं.

म्हणून या पुस्तिकेचा पहिला आग्रह मोठ्यानं वाचून दाखवण्याचा आहे. नववीच्या मुलांना कशाला वाचून दाखवायचं, ती काय लहान आहेत, असं शिक्षक म्हणतात. फ्रान्समधले दानिएल पेनाक हे लेखक शाळेत शिक्षक होते. पुस्तकाला कंटाळलेल्या मोठ्या मुलांना वर्गात कादंबरी वाचून दाखवावी आणि त्याबद्दल एकही प्रश्न विचारू नये, असं त्यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात आग्रहानं मांडलं. त्याच पुस्तकात त्यांनी वाचकाचे दहा हक्क सांगितले आहेत. न वाचण्याचा हक्क, पानं गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क हे त्यातले पहिले तीन. आपल्याकडे पोथीच्या सवयीमुळे ऐकणं मुलांच्या अंगवळणी पडलेलंच आहे. दहा मिनिटं वाचावं, ऐन रंगात आलं की थांबावं, पुस्तक टेबलावर उघडं ठेवून वर्गाबाहेर पडावं. कोण ते उचलतं याच्यावर नजरही ठेवू नये.

आता थोडं यादीबद्दल. यात पुस्तकं थोडी आहेत आणि प्रत्येकापुढे ते कुणाला द्यावं हे लिहिलं आहे, कारण 'मुलांसाठी चांगलं पुस्तक' असा प्रकारच मी मानत नाही. या मुलासाठी चांगलं आणि त्या मुलीसाठी चांगलं, एवढंच सांगता येतं.

'एक होता कार्व्हर' हे वीणा गवाणकरांचं 1981 सालचं पुस्तक महाराष्ट्रभर भेट म्हणून दिलं जातं, आणि बहुतेक वेळा एका थोर माणसाचं प्रेरणादायी चरित्र असं सांगून दिलं जातं. तसं सांगितलं की न वाचणारा मुलगा ते उघडत नाही. थोर माणसं त्याला पाठ्यपुस्तकातून पुरेशी भेटलेली असतात. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या, कपाशीच्या घरातल्या मुलाला मी हे वेगळं सांगून देतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकांनी वर्षानुवर्षं नुसती कपाशी घेतली, जमीन पार थकून गेली, वर बोंडांवर कीड आली. गुलामीत जन्मलेला एक काळा माणूस तिथे 1896 साली टस्कीगीच्या शाळेत शिकवायला आला, आणि भुईमूग लावा, चवळी लावा, रताळी लावा, जमीन पुन्हा उठेल असं लोकांना सांगत घोड्याच्या गाडीतून गावोगाव फिरला. एवढं ऐकलं की मुलाच्या डोक्यात चक्र सुरू होतं. त्याच्या आजोबांनी कपाशीत तुरीचं तास घातलेलं त्यानं पाहिलेलं असतं. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं घरात काय झालं होतं ते त्यानं ऐकलेलं असतं. कार्व्हर मग त्याला परका राहत नाही. अकोल्यात 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याला पापळच्या पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. त्याच्या फाटकावरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांनीही हे पुस्तक शेतीचं पुस्तक म्हणून वाचून पाहावं. एकच पुस्तक कोणत्या दारानं आत न्यायचं, हे मुलागणिक बदलतं. शिफारस करणाऱ्याचं खरं काम तिथेच आहे. त्यासाठी त्यानं ते पुस्तक स्वतः वाचलेलं असावं लागतं, आणि मुलाच्या घरी काय चालतं तेही थोडं ठाऊक असावं लागतं.

असाच एक वर्ग भरतीच्या तयारीतल्या मुलांचा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून अमरावतीत आहे, आणि अंग कमावण्याचा नाद या जिल्ह्याला जुना आहे. आज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पळणारी पोरं तालुक्यातालुक्यात दिसतात. त्यांच्या हाती सामान्य ज्ञानाचं ठोकळा पुस्तक सोडून दुसरं काही नसतं. त्यांना प्रभाकर पेंढारकरांची 'रारंगढांग' द्यावी. हिमालयात सीमेवर रस्ता बांधणाऱ्या तुकडीत दाखल झालेला तरुण इंजिनिअर विश्वनाथ, वरिष्ठांचा हुकूम आणि स्वतःची बुद्धी यांत त्याची झालेली ओढाताण, आणि त्यातून उभा राहिलेला लष्करी खटला. पुस्तक लहान आहे, पहिल्या पानापासून धरून ठेवतं, आणि गणवेशाची हौस असलेल्या मुलाला गणवेशाच्या आतल्या माणसाचा विचार करायला लावतं. 'मायाकडून पुस्तक पुरं होत नाही' म्हणणाऱ्यांनी पुरं केलेलं पुस्तक म्हणून मला त्याच्याबद्दल विशेष जिव्हाळा आहे.

मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना माकडांबद्दल कुणी शिकवायची गरज नाही. वांदरांच्या टोळ्या त्यांच्या कौलांवरून जातात. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या झगड्याची छोटी कादंबरी आहे. 1983 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. परतवाडा, अंजनगाव, अकोटकडच्या मुलांना ती लगेच कळते, कारण त्यांनी यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मारुती चितमपल्ली विदर्भातल्या जंगलांत वनाधिकारी म्हणून राहिले. त्यांचे लेख पूर्ण पुस्तक म्हणून न देता एकेक लेख म्हणून द्यावेत. पक्ष्यांची आणि झाडांची नावं वाचून कोरकू घरातलं मूल आपल्या भाषेतलं नाव सांगू लागलं तर वर्ग थांबवून ऐकावं. त्या वेळी तेच मूल वर्गातलं सगळ्यात जाणतं असतं.

परतवाड्याची आणखी एक ठेव आहे. गो. नी. दांडेकर 1916 साली तिथे जन्मले. कुमारवयात शाळा आणि घर सोडून स्वातंत्र्यलढ्यासाठी निघाले, पुढे गाडगेबाबांबरोबर हिंडले. भटकंतीच्या त्या वर्षांवरच्या 'स्मरणगाथा'ला 1976 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पुस्तक जाड आहे, तेव्हा निवडून वाचून दाखवावं. पण 'हा माणूस आपल्या परतवाड्याचा, आणि तुझ्याएवढा असताना घरून निघाला' हे सांगायला चुकू नये.

वऱ्हाडी बोलीचं पुस्तक म्हटलं की उद्धव शेळक्यांच्या 'धग'चं नाव पहिलं निघतं. 1960 सालच्या या कादंबरीतली कौतिक मराठीतल्या सर्वांत खंबीर बायांपैकी एक आहे. तरी न वाचणाऱ्या मुलाचं पहिलं पुस्तक म्हणून मी 'धग' देणार नाही. ती जड दुःखाची कादंबरी आहे आणि तिला धीर लागतो. तिच्यातले संवाद मात्र वर्गात जरूर वाचावेत, तेही वऱ्हाडी जिभेच्या मुलाकडून वाचून घ्यावेत. आपल्या आईचं बोलणं छापून आलेलं पाहिल्यावर मुलांचे चेहरे बदलतात, आणि ज्याचं वाचन रोज अडखळतं तो मुलगा तिथे वर्गात सगळ्यांत झ्याक वाचतो. अकोल्याच्या विठ्ठल वाघांची वऱ्हाडी कविता हेच काम थोडक्या वेळात करते. सुरेश भट 1932 साली अमरावतीत जन्मले. मुलं मोबाईलच्या स्टेटसला दोन ओळींची शायरी ठेवतात. त्यांना भटांच्या गझलेचा एकेक शेर द्यावा. दोन ओळी वाचायला कुणीच नाही म्हणत नाही.

सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'बद्दल जरा सांभाळून लिहितो. शेजारच्या बुलडाण्याच्या या लेखकानं शेतकरी घरातल्या शिकलेल्या, नोकरी न लागलेल्या मुलाची कथा सांगितली; 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. अकरावी-बारावीच्या मुलांनी ती वाचावी असं मला मनापासून वाटतं. पण ज्या घरात कर्जापायी माणूस गेला आहे, त्या घरातल्या मुलाच्या हाती ती आपण होऊन ठेवू नये. कपाटात समोर दिसेल अशी ठेवावी. त्याला हवी तेव्हा तो घेईल, आणि घेतली तर परत देताना दोन शब्द बोलायला आपण जागेवर असावं.

मुलींचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांना वाचावंसं वाटत नाही असं नाही. वाचत बसलेली मुलगी घरात रिकामी दिसते, आणि रिकाम्या मुलीला काम सांगितलं जातं. त्यांना तुकड्यातुकड्यानं वाचता येईल असं हवं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. एकेका प्रसंगाची, खळखळून हसवणारी, आणि बोलल्यासारखी लिहिलेली. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे प्रसंग वाचून दाखवावेत, पुढचं पुस्तक मुली स्वतः मागून नेतात. मिलिंद बोकिलांची 'शाळा' नववीच्या मुलामुलींची, आणीबाणीच्या काळातली. ती द्यावी की नाही यावर पालकांत मतभेद होतात. माझं मत स्पष्ट आहे: त्या वयातल्या ओढीबद्दल मुलं वाईट ठिकाणाहून शिकण्यापेक्षा एका प्रामाणिक लेखकाकडून वाचोत.

भुताच्या गोष्टी हव्या असणाऱ्यांना नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी बिनधास्त द्यावेत. मतकरींच्या 'खेकडा' कथेनं एकदा पकडलं की मुलगा पुढचं पुस्तक स्वतः शोधतो. नीटच्या क्लाससाठी अकोल्यात खोली करून राहणारी मुलं वेळ नाही म्हणतात, आणि ते खरंही आहे. त्यांना जयंत नारळीकरांची एक विज्ञानकथा जेवणानंतरच्या अर्ध्या तासात पुरी होते. नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला टोपणनावानं कथा पाठवली होती आणि बक्षीस मिळवलं होतं, ही हकिगत आधी सांगावी.

आणखी एका मुलाचा विचार करायचा राहतो, तो म्हणजे ज्याला वाचताच येत नाही. 2023 च्या 'असर' पाहणीत, निवडक जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या प्रादेशिक भाषेत सफाईनं वाचता आला नाही. हा मुलगा 'कंटाया येते' म्हणतो तेव्हा लाज लपवत असतो. त्याला चिमण्या-कावळ्यांचं चित्रमय पुस्तक वर्गादेखत देणं म्हणजे त्याचा अपमान आहे. त्याला लहान वाक्यांचं, पण त्याच्या वयाचं काहीतरी हवं, आणि तेही एकट्यानं वाचायला. इथे मोबाईल कामी येतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक नोव्हेंबर 1971 पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. फोनच्या पडद्यावर अक्षर मोठं करून तो काय वाचतो आहे हे शेजारच्याला दिसत नाही, हा मोठा फायदा आहे.

खुद्द या वयासाठी लिहिलेलं मराठी साहित्य मात्र थोडं आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनंतर मुलाला एकदम 'मृत्युंजय'वर उडी मारावी लागते. मधे प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, 'शाळा' आहे, आणि आणखी मोजकी नावं. वऱ्हाडातल्या आजच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींची, क्लासची, भरतीची, संत्र्याच्या बगिच्यातल्या मजुरीची, मोबाईलवरच्या प्रेमाची कादंबरी माझ्या वाचनात नाही. अमेरिकेत एस. ई. हिंटन या मुलीला आपल्यासारख्या पोरांवरचं पुस्तक सापडेना, म्हणून तिनं शाळेत असतानाच कादंबरी लिहायला घेतली. 1967 साली ती छापून आली तेव्हा हिंटन अठरा वर्षांची होती. वरूड किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या मुलीनं असंच काही लिहिलं, तर ते आधी तिच्या शाळेतल्यांनी वाचावं आणि शुद्धलेखन नंतर तपासावं.

शेवटी वाचनालयांबद्दल. महाराष्ट्रात 1967 पासून ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावच्या वाचनालयांना त्याखाली अनुदान मिळतं. अनेक ठिकाणी आज वाचनालयाचा मोठा भाग स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका झाला आहे. त्या मुलांची गरज खरी आहे, त्यांना जागा मिळालीच पाहिजे. पण गोष्टींची पुस्तकं काचेच्या कपाटाच्या कुलपाबाहेर येत नाहीत, आणि सभासद व्हायचं तर अनामत मागितली जाते. मजुराच्या नववीतल्या मुलाला ती रक्कम बापाजवळ मागता येत नाही, म्हणून तो दारातूनच परत जातो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या सर्व वाचनालयांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे: आठवी ते बारावीच्या मुलामुलींकडून अनामत घेऊ नका, शाळेच्या शिक्षकाची सही पुरेशी माना, आणि एक कपाट त्यांच्यासाठी उघडं ठेवा. काही पुस्तकं हरवतील, काही फाटतील. तो खर्च वाचनालयाच्या हिशेबात दरवर्षी धरून ठेवावा.